फाटका स्पीकर

रहमतच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीशी प्रभावतीबाईंनी चपला काढल्या, तोवर नकाराचा नफा वाटेतच मोजून झाला होता. जयंतीच्या मंचावर पोराचा धांगडधिंगा होऊ दिला नाही, तर विहारातल्या बाया वर्षभर नाव घेतील. वंदना सांगायचा मान शाबूत राहील. नागपूरहून इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलेलं पोरगंही आईचं ऐकतं, हे साऱ्या ढाणकी गावाला दिसेल. जयंतीचा कार्यक्रम ठरवणाऱ्या विमलताईंनी साफ सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणाल तरच तुमच्या संघर्षला दहा मिनिटं. तोट्याच्या बाजूला फक्त पोराचा रुसवा, आणि रुसलेलं पोरगं भूक लागली की घरी येतंच.

"जयभीम, भाभी," रहमत पेचकस खाली ठेवत म्हणाला. "स्पीकरचा कागद काही आला नाही अजून."

हे तो दरवर्षी म्हणे. स्पीकरची ती लाकडी पेटी भीमराजची, म्हणजे प्रभावतीबाईंच्या नवऱ्याची. कापसाच्या भावासाठी मोर्चा निघाला तेव्हा ती हातगाड्यावर ठेवून तो चौकात गायला होता. पोलिसाची काठी जाळीतून आत घुसली, स्पीकरचा काळा कागद फाटला. आवाज चिरला, पण भीमराजनं गाणं थांबवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याला काविळीनं नेलं. पेटी दुरुस्तीला आली ती इथंच राहिली. दर एप्रिलात प्रभावतीबाई विचारायला येत, आणि किती फाटलाय ते पाहू, असं म्हणत रहमत भीमराजची कॅसेट त्याच पेटीवर लावी. एक गाणं होई. बाई डोळ्यांना पदर लावून घरी जात. गाव म्हणे, रहमतकडे दिलेला रेडिओ नातवालाच परत मिळतो.

यंदा पेटी मागच्या खोलीत होती. रहमतचा जमीर तेलाच्या पिपावर ताल धरून बसला होता आणि संघर्ष गिटारची वायर त्याच पेटीला जोडत होता.

"काढ ते," प्रभावतीबाई म्हणाल्या. "वंदना झाली की लोक शांत बसतात. त्याईच्या कानात हे ओततं का?"

"एक डाव ऐक तं माय. मग नाही म्हण."

त्यानं तारा छेडल्या. पेटी खरखरली, मग गुरगुरली. असा फाटका आवाज यावा म्हणून नागपुरात पोरं पायाखाली दाबायची डबी विकत घेतात. इथं तो पोलिसाच्या काठीनं फुकट करून दिला होता. जमीर पिपावर तुटून पडला. बाईंचा 'नाही' ओठांवर तयार होता. तेवढ्यात संघर्ष माइकवर गाऊ लागला. शब्द मोर्चातले. भाव मागणाऱ्याच्या पाठीवर वळ काहून, असं विचारणारे.

दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज वर गेला आणि फाटक्या कागदात अडकून चिरला. नेमका तसाच, त्या दिवशी चौकात चिरला होता तसा.

प्रभावतीबाईंनी आधारासाठी फळीवर हात टेकला. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल हाताला लागलं. वरची धूळ बोटांना चिकटली. घडी सुटली, आत स्पीकरचा काळा कागद होता. कोराच, पेटीच्या तोंडाएवढा. वर्तमानपत्र पार पिवळं पडलेलं. त्यांनी ते होतं तसं गुंडाळलं आणि मागे सरकवून ठेवलं.

आईचा चेहरा पाहून पोरगं थांबलं होतं.

"शेवटचं कडवं कुठी गेलं?" त्या म्हणाल्या. "तुहा बाप काठी खाऊनही पुरं गायला होता."

संघर्षनं पुरं गायलं. दारात रहमत उभा होता. त्याची नजर फळीवर गेली, मग बाईंच्या धुळीनं माखलेल्या बोटांवर.

"रहमतभाऊ, कागद यंदाही येत नाही वाटते."

"मुश्किलच दिसते, भाभी."

"मंग पुढच्या वर्षी येऊन पाहीन."

जयंतीला वंदना प्रभावतीबाईंनीच सांगितली, आणि मग स्वतः बाजूला सरून पोराला जागा दिली. दहा मिनिटांची वीस झाली. हिशेब करायचाच तर संघर्षला मंच मिळाला, विहारातल्या बायांना वर्षभराचा विषय आणि प्रभावतीबाईंना पुढच्या एप्रिलचं निमित्त. सगळं आटोपल्यावर कुणीतरी पेटीकडे बोट दाखवून म्हणालं, इतक्या वर्षांत एवढा एक स्पीकर नीट होऊ नये?

मंचाखाली रहमत वायर गुंडाळत होता.

"नाही जमलं बा," तो म्हणाला.