उशाखालची बिस्किटं

"मावशी, टूथपेस्टसुद्धा द्या."

"का गं? अस्वलाला दात घासायचेत?"

चिमी खदखदून हसली. तिची सून मात्र हसली नाही. पिशवीचं तोंड उघडं धरून उभीच राहिली, आणि मला टूथपेस्ट, साबण, अगदी ओठांना लावायचं मलमसुद्धा तिच्या हवाली करावं लागलं. जन्मभर वॉर्डात मी लोकांच्या पिशव्या तपासल्या. आता ही कालची पोर माझी तपासत होती.

चिमी माझी मैत्रीण. शिवणकाम करते. मी नर्स. लग्न केलं नाही, त्यामुळे माझं गणगोत म्हणजे ही एकच. दर वर्षी आम्ही दोघी सायकली काढतो, मागे तंबू बांधतो आणि आठवडाभर भटकतो. या वयात ही थेरं कशाला, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्या एका आठवड्यासाठी मी वर्षभर रात्रपाळ्या ओढते. आणि यंदा हिनं मला न विचारता सुनेला बरोबर घेतलं.

"अगं, यंदाचा रस्ता अस्वलांच्या जंगलातला," चिमी म्हणाली. "तिला त्यातलं कळतं."

कळतं म्हणे! वळण आलं की घंटी वाजवा, सायकल आवाज न करता येते आणि अस्वल दचकतं. स्वयंपाक तंबूपासून लांब करा. स्वयंपाकाच्या कपड्यांत झोपू नका. वास येणारं सगळं एका पिशवीत भरा आणि ती दोरीनं उंच फांदीवर टांगा, खोडापासूनही लांब. तंबूत खडीसाखरेचा खडासुद्धा नको. आणि प्रत्येक वाक्याला चिमी माझ्याकडे बघणार, बघ माझी सून कित्ती हुशार! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्यात तंबूचं. आजवर आम्हा दोघींचा एकच तंबू असायचा. यंदा सासू-सून मोठ्या तंबूत आणि मी एकटीच्या चिमुकल्यात. "तुला माझ्या घोरण्याचा त्रास नको," चिमी म्हणाली. इतकी वर्षं घोरत होतीस, तेव्हा कुठे गेली होती ही माया?

पण त्या पिशवीत माझं सगळं काही गेलं नव्हतं. बिस्किटांचा एक पुडा मोज्यात घालून मी उशाखाली सरकवला होता. चिमीला मधुमेह आहे. पहाटे तिची साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात आणि ती पुटपुटते, "सिस्टर, गोड." मग मी उशाखाली हात घालायचा, बिस्किट तिच्या तोंडात द्यायचं आणि थरथर थांबेपर्यंत पाठीवरून हात फिरवायचा. हे आमचं दर सहलीचं ठरलेलं. आता सगळं खाणं झाडावर टांगलेलं असताना पहाटे काय दोरी सोडत बसायचं? सूनबाईला सांगता आलं असतं, नाही असं नाही. पण हिची परवानगी मी मागू? मी?

उजाडायच्या सुमाराला मी कान टवकारून पडून होते. हाक आलीच नाही. शेजारच्या तंबूतून घोरणं तेवढं ऐकू येत होतं. चांगलं फटफटलं तेव्हा मी वैतागून उठले आणि ओढ्यावर तोंड धुवायला गेले.

परत येते तर काय, माझ्या तंबूतून एक भलंमोठं, काळं, केसाळ ढुंगण बाहेर आलेलं! आतून कापड टर्रकन फाटल्याचा आवाज आला. मी पळायच्या बेतात होते.

"मावशी, पळायचं नाही." सूनबाई मोठ्या तंबूपुढे उभी होती, चिमीला पाठीशी घालून. आवाज अगदी शांत. "हळूहळू माझ्याकडे या. त्याच्याकडे पाठ करू नका. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला."

"मेल्या, माझा मोजा टाक!" मी अस्वलाला म्हणाले.

अस्वलानं मान बाहेर काढली. मोजा तोंडात होता. सूनबाईनं दोन्ही हात वर केले आणि "जा! चल, जा!" असं खणखणीत आवाजात म्हणत राहिली. चिमीनं शेजारच्या सायकलची घंटी वाजवायला सुरुवात केली. अस्वलानं आमच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मोज्यासकट ते झाडीत निघून गेलं.

तिघींचा श्वास जागेवर आल्यावर चिमीनं विचारलं, "मोज्यात काय होतं गं?"

"बिस्किटं. पहाटे तुझी साखर उतरते ना."

चिमीनं आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, औषध बदललं की माझं. आता नाही उतरत."

"कधी बदललं?"

"झाले काही महिने. हिनंच नेलं होतं दुसऱ्या डॉक्टरांकडे. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

नर्स मी. हिच्या प्रत्येक गोळीचा रंग मला पाठ. आणि मला सांगायचं राहून गेलं! तंबू गेला त्याचं मला काही वाटलं नाही. पण सूनबाईनं चार शब्द सुनावावेत, म्हणजे मला कडाकडा भांडता येईल, असं फार वाटत होतं. ती चिंध्या गोळा करत राहिली. एवढंच म्हणाली, "तुम्ही आत नव्हतात ना, मग झालं." आता यावर काय भांडणार, कपाळ!

दिवसभर मी सायकल पुढेच दामटली. वळणावर घंटी मात्र वाजवली. संध्याकाळी पुढच्या मुक्कामावर न मागता माझी टूथपेस्ट आणि साबण पिशवीत टाकले. मला तंबू उरला नव्हता, म्हणून तिघी मोठ्या तंबूत झोपलो. चिमी मध्ये.

पहाटे सवयीनं जाग आली. औषध बदललं हे हाताला कुठे ठाऊक? तो आपला चिमीच्या मानेकडे निघाला. वाटेत कपाळावर आधीच एक हात होता.

"कोरडं आहे, मावशी," पलीकडून सूनबाई कुजबुजली. "झोपा तुम्ही."

"औषध बदललंय ना? मग कशाला बघतेस?"

"भीती वाटते. रोज जाग येते याच वेळेला."

जळले मी, खोटं कशाला बोलू? मला वर्षातला एक आठवडा मिळतो आणि हिला रोजची पहाट. मी हात मागे घेतला. कूस बदलली. पण राहवेना.

"कपाळ नाही गं," मी म्हटलं. "मानेमागे बघायचं. हिला घाम तिथे आधी येतो."

तिनं हात उचलला आणि हळूच मानेखाली सरकवला, इतकी वर्षं माझा जायचा तिथेच. चिमी झोपेत जराशी हलली, त्या हातावर नीट डोकं टेकलं आणि पुन्हा घोरू लागली.