जुन्या पत्त्यावरच्या माश्या

दुपारी तीनच्या सुमारास लेकीच्या पापण्या जड व्हायच्या, आणि नेमकं तेव्हाच तिला सगळं स्वच्छ दिसायचं. समोरच्या पडद्यावर ओळी वर सरकत असायच्या. कुठून कुठून, कोण कोण येऊन सर्व्हरचं दार वाजवायचं आणि सर्व्हर प्रत्येकाला तीन आकडी उत्तर देऊन वाटेला लावायचा. दोनशे, दोनशे, तीनशे चार, दोनशे, चारशे चार. भिंतीपलीकडच्या थंड खोलीत यंत्रं एका सुरात गुणगुणत असायची. अशा वेळी तिला वाटायचं, आपण ऑफिसात नाहीच, आईच्या परसात लाकडी पेटीसमोर उकिडवं बसलोय आणि मधमाश्या एकेक करून आत चालल्यात.

तिचं काम पहाऱ्याचं. कुठल्या दारातून काय उत्तर जातंय ते बघायचं, आणि पाचशेच्या घरातले आकडे वाढले की इतरांची झोपमोड करायची. ज्यांना हे काम समजत नाही ते तिला फार हुशार समजत, आणि तिनं कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आईला मात्र समजून घ्यायचं होतं. आई माश्या पाळायची. कुणाच्या भिंतीवर मोहोळ बसलं की लोक तिला बोलवायचे आणि ती ते जाळू न देता पेटीत घालून आणायची. हल्ली पायाला प्लास्टर घालून ती लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पडून होती, सहा आठवड्यांच्या बोलीवर. परसात घसरून तिचा घोटा मोडला होता. त्यानंतर दोन दिवस ती फोनवर "सगळं ठीक आहे गं" म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुतारकाकांनी फोन केला, तेव्हा लेकीला कळलं की बाईसाहेब खुर्ची ढकलत ढकलत घरभर फिरताहेत.

"दोनशे म्हणजे काय?" आईनं उशीला टेकून विचारलं.

"ठीक आहे. मागितलंत ते हे घ्या."

"आणि चारशे चार?"

"असलं काही इथे नाही. चारशे तीन म्हणजे, आहे, पण तुम्हाला दाखवणार नाही."

"झाकली मूठ. पाचशे?"

"तुमची काही चूक नाही, आमच्याच पोटात दुखतंय. पाचशे तीन म्हणजे, आत्ता झेपत नाहीये, नंतर या. शहाणा सर्व्हर असला तर किती वेळानं या तेही सांगतो."

"यातला सगळ्यात वाईट कोण?"

लेकीनं विचारही केला नाही. "दोनशे सांगून कोरं पान हातात ठेवणारा. पाचशेवाला निदान बोंब तरी मारतो. हा ठीक आहे म्हणतो, आणि आम्ही निवांत बसतो."

आई बराच वेळ उशीचा अभ्रा सारखा करत राहिली.

आठवडाभरात आकड्यांनी घर ताब्यात घेतलं. "माझा चष्मा?" "चारशे चार." "मीठ बरोबर आहे का?" "दोनशे." डॉक्टरीणबाईंनी "दुखतंय का अजून?" विचारलं, तर आई त्यांनाही "दोनशे" म्हणाली. त्यांनी तो रक्तदाब समजून दचकून लेकीकडे पाहिलं.

त्याच पहिल्या आठवड्यात लेकीनं एक काम उरकलं होतं. आईचं इंटरनेटवर एक पान होतं, लेकीनंच करून दिलेलं. 'मोहोळ दिसलं तर जाळू नका, मला कळवा', एवढाच मजकूर आणि खाली फोन. आई अंथरुणात असताना निरोप कोण घेणार? म्हणून आईच्या पानावर येणाऱ्याला परस्पर आपल्या पानाकडे वळवायचं तिनं ठरवलं. वळवायचे आकडे दोन. तीनशे दोन म्हणजे सध्या तिकडे जा, पण पुढच्या वेळी आधी इथेच विचारा. तीनशे एक म्हणजे बिऱ्हाड कायमचं हललं, आता इथे येऊच नका. तिनं तीनशे एक लिहिलं.

हात सवयीनं गेला, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण छोट्या खोलीत आईचं कपाट मावेल का हे टेपनं मोजताना हात सवयीनं गेला नव्हता. सुतारकाकांना "पेट्या कुणाला देता येतील का बघा" असं हळूच सांगतानाही नाही. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणत दिवस जात होते.

प्लास्टर निघायच्या आदल्या दुपारी पडद्यासमोर तिचा डोळा लागला. स्वप्नात दारावर तीच उभी होती. लांबच लांब रांग होती आणि ती मऊ आवाजात प्रत्येकाला आकडा सांगत होती. आकडा ऐकला की माणूस हलका होऊन तरंगत निघून जाई. मग जाळीची टोपी घातलेली आई आली. "अहो, माझं घर इथेच होतं ना?" आईनं तिला अहो म्हटलं. लेकीला पुष्कळ सांगायचं होतं, पण तोंडातून आकडाच निघाला, तीनशे एक. आई मान डोलावून वळली. पण ती गेली नाही. कुंपणाशी, जमिनीपासून हातभर वर, हवेत नुसती थांबून राहिली.

रविवारी सुतारकाकांनी आईचा लॅपटॉप आणून दिला, थोडं बसले आणि गेले. लेक भांडी घासत होती. खोलीतून आईचा आवाज आला.

"तीनशे एक म्हणजे काय गं? पुन्हा सांग."

आई कुठलीच गोष्ट दोनदा विचारत नसे. चोराच्या मनात चांदणं. लेक ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. आईनं लॅपटॉपवर आपल्या पानाचा पत्ता टाकला होता आणि समोर लेकीचं पान उघडलं होतं. बाजूला, लेकीनंच शिकवल्याप्रमाणे, सर्व्हरची उत्तरं दाखवणारी नोंदींची खिडकीही उघडली होती. तिथे आकडा होता.

"हात चुकला," लेक म्हणाली. "दहातून नऊ वेळा तेच लिहावं लागतं. थांब, ते वळवणंच काढून टाकते."

दोन मिनिटांत काढलंही. आईनं पत्ता पुन्हा टाकला. पुन्हा लेकीचंच पान.

"तुझ्या लॅपटॉपनं पाठ केलंय ते," लेक खाली बघत म्हणाली. "एकदा कायमचं म्हटलं की तो जुन्या दारावर विचारायला जातच नाही."

"जुनं घर उघडं असलं तरी?"

"असलं तरी."

आईनं लॅपटॉप मिटला. "तुला छोटी खोली मोजताना पाहिलं मी. वाटलं, पडदे शिवतेस. मगाशी सुतारभाऊ विचारत होते, पेट्या कधी न्यायला सांगू म्हणून."

लेक खाली बसली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला बरंच वाटलं. "तू मला दोनशे सांगितलंस, आई. दोन दिवस. मोडक्या पायानं. मी ते ऐकून मजेत सिनेमाला गेले. आता तू ठीक आहे म्हणालीस की मला भीती वाटते. खूप भीती वाटते."

"तू धावत आली असतीस, म्हणून नाही सांगितलं."

"आलेच असते."

"मग आणलंच असतंस मला इकडे. तेच तर नको होतं." आईनं मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला. "पोटात एक आणि ओठात एक. मायलेकी शोभतो खऱ्या."

बाहेर ऊन जरा कललं. आई खिडकीकडे बघत बोलू लागली, लेकीशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. "तू आठ वर्षांची होतीस. कुंपणाजवळची पेटी मी बारा हात सरकवून सावलीत ठेवली. माझ्या मते भलंच केलं त्यांचं. संध्याकाळी माश्या परतल्या त्या जुन्या जागी. पेटी समोर दिसत होती, पण पाठ होती ती जागा. काळोख पडेपर्यंत तिथेच हवेत फिरत राहिल्या. सकाळी गवतात ओंजळभर मेलेल्या."

"मी रडले होते," लेक म्हणाली. तिला ते गवत आठवलं, आणि स्वप्नही.

"तेव्हापासून पेटी हलवली की मी दारासमोर एक पानांची फांदी आडवी लावते. माशी बाहेर पडताना अडखळते. थबकते. वळून घराकडे बघते, नवी जागा पाठ करते, आणि मगच उडते." आईनं लेकीचा ओला हात हातात घेतला. "तू मला हलवलंस गं. पण फांदी नाही लावलीस."

लेक रडली. आईनं तिला रडू दिलं.

मग ठरलं ते असं. आई आपल्या घरी जाईल. रोज सकाळी लेकीला आकडा पाठवील, आणि तो खरा असेल. लेक बोलावल्याशिवाय धावत येणार नाही. लेकीनं लॅपटॉपची पाठांतरं पुसून टाकली आणि पत्ता टाकला. 'मोहोळ दिसलं तर जाळू नका.' आईनं ते वाक्य पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं वाचलं.

पुढच्या शनिवारी निघताना आई म्हणाली, "सामान घेऊन तू हो पुढे, मी सावकाश येते." लेक तिला घरी पोचवून, पेट्या डोळ्यांखालून घालून संध्याकाळी परतली. तिसरा मजला चढली, किल्ली काढली आणि अडखळली. दाराच्या चौकटीत गॅलरीतल्या जाईची फांदी आडवी खोचलेली होती. ती थबकली. दाराचा उडालेला रंग, बिजागरीजवळची चीर, आईची काठी टेकून टेकून भिंतीवर पडलेला डाग, सगळं तिनं एकदा नीट पाहून घेतलं. आत आई नव्हती. ते तिला दारातच कळलं आणि रडूही तिथेच आलं. मग फांदी काढून ती आत गेली.

अकरा दिवस दोनशे आलं. रोज तिनं तो आकडा खोटं नाणं पारखावं तसा निरखला. बाराव्या सकाळी फोन वाजला तेव्हा ती ऑफिसला निघत होती.

'५०३. पाय ठणकतोय. झोपते जरा. दहाला विचार.'

पुढचं काही सुचण्याआधी ती किल्ल्या घेऊन जिन्यावर आली होती, एका पायात बूट घालून. तिथेच पायरीवर बसून तिनं निरोप पुन्हा वाचला. स्वतःबद्दल ठीक आहे सोडून दुसरं काही आईनं तिला जन्मात पहिल्यांदा सांगितलं होतं. तिचे डोळे भरून आले, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा छातीतली भीती खाली बसली.

तिनं दुसरा बूट घातला आणि ऑफिसला गेली. दहा वाजेपर्यंत तिनं फोनला हात लावला नाही, आणि दहा वाजता विचारलं.