पुस्तक्याचं पान

“हरिबा, चिठ्ठी झाली का न्हाई?” नानासोंनी तिसऱ्यांदा विचारलं. “पाचला मानसं येत्याल. सुभेदार तर निघालंबी असतील.”

“लिवतो, मालक,” हरिबा म्हणाला आणि कोऱ्या कागदाकडं बघत बसला.

साताऱ्यातल्या नानासोंच्या पुस्तकांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय पुस्तक फळीवर जात नसे. चिठ्ठी लिहायचा हरिबा. शिक्षण सातवी, नोकरी बावीस वर्षांची, आणि भीड म्हणून कुणाची नाही. ‘जेवून बसा, मध्ये उठता येणार नाही’, ‘निम्म्यानंतर लेखक दमला आहे’, असं खुशाल लिहून तो कागद टाचणीनं पुस्तकाला लावायचा. ‘नाही वाचलं तरी चालेल’ असं त्यानं लिहिलं, की ते पुस्तक फळीवरच म्हातारं व्हायचं. एकदा एक कादंबरीकार पुण्याहून एसटीनं भांडायला आले होते. हरिबानं त्यांना चहा पाजला, दोन शिव्या ऐकून घेतल्या, चिठ्ठी मात्र काढली नाही.

आजचं पुस्तक म्हणजे निवृत्त सुभेदार लालासाहेबांच्या एकाहत्तरच्या लढाईच्या आठवणी. शनिवारच्या वाचक मंडळात निम्मे पेन्शनीतले फौजी, तेव्हा दुकान भरणार हे ठरलेलंच होतं. पुस्तक चांगलं होतं. हरिबानं ते दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा तो सत्त्याऐंशीव्या पानावर अडकला होता.

त्या पानावर एक कोवळा शिपाई होता. नाव दिलं नव्हतं. बाप दरमहा टपालानं पुस्तक धाडायचा, म्हणून पलटणीत त्याला पुस्तक्या म्हणत. तोफा सुरू झाल्या तसा हा पुस्तक्या खंदकात तोंड खुपसून पडला आणि तीन तास ‘आये, आये’ म्हणून रडला. बंदूक त्यानं उचललीच नाही. मग एक गोळा खंदकातच येऊन पडला.

हरिबाचा एकुलता एक अर्जुना तीन वर्षांपूर्वी त्याच लढाईत गेला होता, आणि त्याला दरमहा पुस्तक धाडणारा बाप हरिबाच होता. आधी तार आली, मग साहेबांचं पत्र आलं. पत्रात ‘शर्थीनं लढताना’ असं होतं. गावच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला अर्जुनाच्या फोटोला हार पडायचा आणि त्याची आई हरणाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या ओळीत बसायची. दुकानातून दरमहा कुणाच्या पोराला पुस्तक जात होतं, हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. हे पुस्तक चार घरांत गेलं, की आठवड्याभरात गाव बोलायला लागणार होतं.

थांबवायला चार शब्द पुरे होते. नाही वाचलं तरी चालेल. हरिबानं ‘नाही’ लिहिलं आणि हात थांबला. खोटी चिठ्ठी त्यानं बावीस वर्षांत लिहिली नव्हती, आणि आज लिहावी असं त्याला मनापासून वाटत होतं.

तेवढ्यात सुभेदार आलेच. सव्वाचार वाजले होते. फौजी माणूस, वेळेच्या आधी पोचणारच. नानासो चहा सांगायला बाहेर पळाले. सुभेदार फळीवरच्या चिठ्ठ्या वाचत हसत होते. तिसऱ्या चिठ्ठीवर त्यांचं हसू गेलं.

“हे अक्षर कुनाचं?”

“माझं.”

सुभेदार स्टुलावर बसले. “ह्या अक्षराच्या चिठ्ठ्या मी खंदकात वाचल्यात. पोराच्या पुस्तकांत असायच्या. तुमी... वडील त्याचं?”

“व्हय,” हरिबा म्हणाला.

“मला खरंच ठावं नव्हतं, गड्या. ते पान आज वाचू नका. फुडल्या छपाईत काडून टाकतो.”

“खोटं हाय का ते?”

“न्हाई.” सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “उलट कमीच हाय. ऊठ म्हनून मी त्याला दोनदा मुस्काटात मारली. ते लिवायची छाती झाली न्हाई.”

हरिबाला त्या क्षणी त्यांची गचांडी धरावीशी वाटली. पोराच्या गालावरचा तो हात समोर होता, पांढऱ्या केसांचा, टोपी चुरगाळणारा. हरिबानं कागद फाडला, दुसरा घेतला.

“पान न्हाई काडायचं,” तो म्हणाला. “माराचंबी लिवा. मग पुरं हुईल पुस्तक.”

चिठ्ठीवर त्यानं लिहिलं, ‘खरं आहे. सगळं वाचा.’

लेखकांना स्वतःचं लिहिलेलं धड वाचता येत नाही असं नानासोंचं मत असल्यामुळं कार्यक्रमात एक पान हरिबाच वाचायचा. पान तोच निवडायचा. त्यानं सत्त्याऐंशीवं उघडलं. ‘पुस्तक्या’ हा शब्द आला आणि बाकांवर चुळबुळ झाली. म्हातारे नाथाजी हवालदार म्हणाले, “बास, हरिबा. कशाला?” हरिबा थांबला नाही. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. टाळी पडली नाही. सुभेदार खाली बघत होते. मग नाथाजीच बोलले, “आमीबी रडलो हाय. घरी कुनी सांगितलं न्हाई एवढंच.”

प्रश्नोत्तरांना हरिबा थांबला नाही. पुस्तक बगलेत मारून तो जवळजवळ धावतच घरी निघाला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हरणाबाईला कळलं, तर ते आपल्याला सोसणार नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

ती भाकरी थापत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अर्जुना लढला नाही, भ्याला, रडला, मार खाल्ला. बोलून झाल्यावर तो भिंतीला टेकला आणि ती आता काय म्हणेल याची वाट बघू लागला.

हरणाबाईचे हात परातीत तसेच राहिले.

“काय म्हनून रडला?”

“आये म्हनून.”

“मला हाक मारली?”

“व्हय. तीन तास.”

“तारंत न्हवतं ह्ये,” ती म्हणाली. “साहेबाच्या पत्रातबी न्हवतं. तीन वर्सं झाली, मला कुनी सांगितलंच न्हाई.” तिनं पदराला हात पुसले आणि चुलीपासून उठून त्याच्यासमोर येऊन बसली. “आवं, वाचा की तेवढं.”

हरिबानं पान काढलं. दुकानात भरल्या सभेत वाचलेल्या त्याच ओळी होत्या. ‘आये’पर्यंत तो आला आणि त्याला पुढं वाचता येईना.

“वाचा,” हरणाबाई म्हणाली. “आनि किती वेळा म्हनला?”