मी रत्नाबाईची खुर्ची

मी खुर्ची आहे. चिंचणीच्या एका कौलारू घरात, समुद्राकडच्या खिडकीपाशी माझी जागा होती. लोक खुर्चीवर बसतात आणि काम झालं की उठून जातात. माझ्यावर एक बाई सतरा वर्षं झोपली. बसल्या बसल्या झोपली, कारण तिला आडवं होता येत नसे. तिचं नाव रत्नाबाई.

मला तिच्या नवऱ्यानं घडवलं. धर्माजी होड्या दुरुस्त करणारा सुतार. मोडलेल्या एका होडीच्या सागाच्या फळ्या त्यानं बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्यांचे माझे पाय आणि हात झाले. माझ्या अंगाला माशाच्या तेलाचा वास होता, तो कधीच पुरता गेला नाही. पाठ त्यानं फळीची केली नाही, दोरीनं विणली. मागून वारा लागावा म्हणून. तो विणत असताना त्याची आई, मैनाबाई, पडवीच्या दारात येऊन उभी राहिली.

"सुनेला खुर्ची," ती म्हणाली. "आता पाय चेपायला पन एक मानूस ठेव."

धर्माजीनं दोरी ओढून गाठ मारली आणि पुढची ओळ घेतली.

खुर्ची करायची पाळी का आली, ते सांगते. रत्नाबाई मासळी विकायची. सकाळी टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात जायची, दुपारी रिकामी टोपली घेऊन परत. अंगानं धडधाकट, आवाजानं खणखणीत. शहात्तर सालची दिवाळी झाल्यावर एकदा बाजारात शिरतानाच तिनं टोपली उतरवली आणि रस्त्याच्या कडेला बसली. बरोबरच्या बायकांना वाटलं, चक्कर आली.

"चक्कर नाय," ती म्हणाली. "श्वास येतो, पन पोचत नाय."

बायका हसल्या. श्वासाला कुठं पोचायचं असतं? तिनं छातीच्या मधोमध हात ठेवला. "हितपर्यंत येतो. मंग आडतो."

त्या दिवसापासून ते दुखणं तिच्याबरोबर राहायला आलं. खोकला नाही, ताप नाही, छातीतून शिट्टी वाजत नाही. जांभई यावी आणि अर्ध्यावरच विरून जावी, तसं काहीतरी. बोलता बोलता ती थांबायची, खांदे वर घ्यायची आणि लांब श्वास ओढायची. कधी तो नीट भरायचा, मग तिचा चेहरा घटकाभर मोकळा दिसायचा. बहुतेक वेळा नाही भरायचा. आडवं झालं की त्रास वाढे, म्हणून ती भिंतीला टेकून बसून राही. झोप लागली की घसरून पडे. हे धर्माजीनं महिनाभर पाहिलं आणि मग त्या सागाच्या फळ्या काढल्या.

गावातल्या डॉक्टरांनी दमा म्हटलं. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. हात थरथरायला लागले, श्वास होता तसाच. मग पालघरला छातीचा फोटो काढला. क्षय नव्हता. शेवटी धर्माजी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथं तिला नळीत फुंकायला लावलं, हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं.

ती दोघं परत आली तेव्हा धर्माजी दारातूनच म्हणाला, "सगळा चांगला निघाला." त्याचा आवाज किती दिवसांनी हलका झाला होता. मैनाबाईनं देवापुढं साखर ठेवली. रत्नाबाई सरळ आत आली आणि माझ्यावर बसली. ती रडत होती.

"मंग मला होतो तो काय?" तिनं विचारलं.

"डॉक्टर बोलला, मनाला लावून घेऊ नको."

"मी कुठं लावून घेते? मनच तिकडं लागून ऱ्हाते. श्वास भरला का नाय, ते बगायला."

धर्माजी तिच्यासमोर जमिनीवर बसला. चांगली बातमी आणली म्हणून तो आला होता, आणि ती बातमी तिच्या काही उपयोगाची नव्हती.

त्यानंतर ज्याला जे वाटेल ते तो सांगू लागला. कुणी म्हणे बोईसरच्या कारखान्यांचा धूर. पण तिच्याबरोबर बाजारात बसणाऱ्या बाकीच्या बायका ठणठणीत होत्या. कुणी म्हणे सुक्या मासळीची धूळ. ती वर्षभर मासळीपासून लांब राहिली, फरक पडला नाही. कुणी म्हणे बाहेरचं आहे. मैनाबाईनं भगताला बोलावलं. त्यानं रत्नाबाईला माझ्यावरच बसवलं, डोक्यावरून पासोडी घातली आणि समोर निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या. त्या वेळी तिनं माझे हात असे धरले की नखं लाकडात रुतली. धर्माजी कामावरून आला, त्यानं पासोडी ओढून काढली आणि निखारे अंगणात फेकले. आईशी तो चार दिवस बोलला नाही. पण मैनाबाईचं मत बदललं नाही. "जेवताना बरी धाप लागत नाय हिला," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "नाटकी हाय."

रत्नाबाई घरातलं सगळं करायची. पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, मध्येच येऊन माझी पाठ धरून उभी राहायची आणि परत जायची. बाजाराची टोपली मात्र सुटली ती सुटलीच.

मुलगी हंसा मोठी झाली, तेव्हा केळव्याहून एक स्थळ आलं. पाहुणे येणार त्या सकाळी मैनाबाईनं मला उचलून पडवीत ठेवायला लावलं आणि वर जुनं जाळं टाकलं. घरात दुखणेकरी माणूस आहे हे दिसायला नको. मी जाळ्याखालून ऐकत होते. रत्नाबाई सतरंजीवर बसली होती. मुलाच्या आईनं काही विचारलं की ती दोन शब्दांत उत्तर द्यायची. मग मुलाच्या आईनं विचारलं, "हंसाला काय काय रांधता येते?" आणि आईला लेकीचं कौतुक आवरलं नाही. ती भरभर सांगायला लागली, आणि मध्येच तिचे शब्द तुटले. मला दिसत नव्हतं, पण तो ओढलेला श्वास मी कुठूनही ओळखला असता. एक, मग लगेच दुसरा.

चहा पिऊन पाहुणे गेले. निरोप आला तो नकाराचाच. आईचं दुखणं लेकीत उतरलं तर, असं ते म्हणाले. त्या दिवशी मैनाबाई सुनेला नाही नाही ते बोलली. मुद्दाम केलंस, असंही म्हणाली. हंसानं जाळं काढलं आणि मला ओढत खिडकीपाशी आणून ठेवलं. पुढं ती बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली, तिथंच खोली घेऊन राहिली. परत स्थळ बघायचं तिनं कुणाला नाव काढू दिलं नाही.

मग मैनाबाईचे पाय सुजायला लागले. अंगणातून ओटीवर चढताना ती थांबू लागली, आडवी झाली की घुसमटू लागली. धर्माजी तिला पालघरला घेऊन गेला. डॉक्टरांनी लगेच सांगितलं, हृदय मोठं झालंय, छातीत पाणी साठतंय. दुखण्याला नाव मिळालं. अख्खी आळी भेटायला आली. कुणी शहाळी आणली, कुणी मोसंबी. मनाला लावून घेऊ नको, असं तिला कुणी म्हणालं नाही.

रत्नाबाईनं स्वतःहून मला सासूच्या खोलीत नेलं. तिला माझ्यावर बसवलं, पाठीशी उशी लावली. आणि स्वतः पूर्वीसारखी भिंतीला टेकून झोपू लागली.

एका दुपारी ती सासूचे केस विंचरत होती. मैनाबाईनं मान मागं टेकवली. मग म्हणाली, "रत्ना, तुला पन असाच होते?"

"होते."

"रोज?"

"रोज."

मैनाबाईनं दोन-तीन श्वास घेतले. "मी तुला नाटकी बोलले."

"बोलला तुमी." फणी थांबली नाही.

"तू मला उलटून कधी बोलली नाय."

"बोलायला श्वास लागतो, आई."

मैनाबाईनं हात मागं नेला आणि सुनेचं मनगट धरलं. तो हात बराच वेळ तसाच होता. पावसाळ्यात मैनाबाई गेली.

मी परत खिडकीपाशी आले. रत्नाबाईला आता घरात नावं ठेवणारं कुणी उरलं नव्हतं, पण श्वास सुधारला नाही. त्र्याण्णवच्या थंडीत तिला ताप भरला. बोईसरच्या दवाखान्यात न्यूमोनिया म्हणाले. तीन दिवसांत तिला घरी आणलं ते अंगणात ठेवायलाच. दार उघडं होतं, मला दिसत होतं. ती सपाट, आडवी निजली होती. इतक्या वर्षांत मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. धर्माजी तिच्या उशाशी बसला होता. "आता झोपली," एवढंच तो म्हणाला. तिच्या त्या जुन्या दुखण्याचं नाव शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

धर्माजीच्यानं मला घरात बघवेना. हंसानं मला टेंपोत घालून बोईसरला आणलं. आता मी तिच्या खोलीत आहे. माझा एक पाय सैल झालाय, पाठीच्या दोऱ्या लोंबतात. पश्चिमेचा वारा आला की खिडकीतून कारखान्यांचा वास येतो. लोक म्हणतात, सवय होते. मी लाकूड आहे, मला काय कळणार.

एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी म्हणालं, श्वास पुरत नाही, तर आधी तपासणीचा कागद मागू नका. कागदावर नसलेलं दुखणंही माणसाला रात्रभर बसवून ठेवतं. तुम्हाला ते काढता आलं नाही तरी त्याच्याजवळ बसता येईल.

परवा हंसा तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईला घेऊन आली. नवसी तिचं नाव, डोंगराकडच्या पाड्यावरची. दारातच उभी राहिली. दोनदा खांदे वर घेतले, मग ओशाळून म्हणाली, "दवाखान्यात सांगला, तुला काय नाय झाला."

"बस तू," हंसा म्हणाली.

नवसी माझ्यावर अंग चोरून बसली. हळूहळू तिनं पाठ टेकली, डोळे मिटले.

"किती वेळ बसू?" तिनं विचारलं.

"मी भात टाकते," हंसा म्हणाली, आणि तिनं स्टोव्ह बाहेरच्या गॅलरीत नेऊन पेटवला.