टेपमधल्या बांगड्या

“बांगड्या कुठं गेल्या, मल्लेश?”

धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सुमनबाईंनी आपला टेप काउंटरवर ठेवला, पण हँडल काही हातातून सोडलं नाही. मल्लेशनं चष्मा कपाळावर चढवला.

“कसल्या बांगड्या, नर्सबाई?”

“माज्या आईच्या. कॅसेटमदल्या. तुज्याकडं दुरुस्तीला टाकायच्या आदी वाजत व्हत्या. आता न्हाईत.”

दुकानात मोबाइलला काच बसवायला आलेले दोघेतिघे वळून बघायला लागले. सुमनबाईंच्या मागं उभी असलेली त्यांची सून संघप्रिया जमिनीकडं बघत राहिली.

सुमनबाई आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. नोकरीतली सगळी वर्षं वाड्यावस्त्यांवर पायी फिरण्यात गेली. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी म्हणून त्यांनी हा टेप घेतला. कॅसेट, सीडी, रेडिओ, तिन्ही चालणारा, हातात धरून कुठंही नेता येणारा. बेंबळीला माहेरी नेऊन त्यांनी त्यावर आईच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. आई जात्यावर बसलेली, बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हणणारी, आणि खुंटा फिरवताना तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजणाऱ्या. पुढं आई गेली. त्या ओव्यांची कॅसेट ही एवढीच. गेल्या वर्षी कुणी एक अभ्यास करणारा पोरगा ती मागायला आला होता. “नक्कल करून परत देतो,” म्हणाला. सुमनबाईंनी त्याला चहा पाजला आणि कॅसेट दिली नाही.

टेपला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवायचा, झाकण उघडून फीत जिथं घासते ते हेड पुसायचं, मग रबराचा रोलर. दंडावर सुई टोचायच्या आधी पुसावं तसं, हलक्या हातानं. मध्यंतरी कॅसेट फिरेनाशी झाली. आतला पट्टा ढिला पडला होता. मल्लेशनं टेप दुकानात ठेवून घेतला, काही महिन्यांनी पट्टा मिळाला तेव्हा बदलला. घरी आणून लावला तर जात्याची घरघर होती, आईचा आवाज होता, पण जाड पांघरुणाखालून यावा तसा. आणि बांगड्या नव्हत्या.

सुमनबाईंनी आधी हेड पुसलं. हेडवर मळ बसला की बारीक आवाज आधी जातो, हे मल्लेशनंच त्यांना शिकवलेलं. पुन्हा पुसलं. काही फरक नाही. मग मनात आलं, कॅसेट तर टेपमध्येच राहिली होती. ह्यानं नक्कल करून खरी त्या पोराला दिली. नकलेत बारीक आवाज उतरत नाहीत. नाही तर जातील कुठं?

एकदा संशय बसला आणि तो घरातही शिरला. त्या स्वयंपाकघरात गेल्या की मुलगा बुद्धघोष आणि सून बोलत असत, पण अगदी तोंडातल्या तोंडात. दोन शब्द कळायचे, पुढचे गिळलेले. आपल्यापासून काहीतरी लपवतात. सुमनबाई टेप कपाटात ठेवून कुलूप घालायला लागल्या. आज सकाळी त्यांनी विचारलंच.

“माज्या टेपला हात कुणी लावला?”

भाकरी थापता थापता संघप्रिया थांबली. “मी कशाला लावू, आत्या?”

“मग दोगं हळूहळू काय बोलता? मल्लेश तुजा कोण लागतो?”

संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तवा उतरवला, हात धुतले आणि पदर खोचला. “चला. मीबी येते दुकानात. माझ्यावर आळ नको.”

म्हणून ती आत्ता मागं उभी होती.

“म्हंजे म्या कॅसेट बदलली म्हणता?” मल्लेशचा आवाज चढला. “नर्सबाई, माज्या पोरीच्या बाळंतपणाला रातभर बसला व्हता तुमी. तुमची कॅसेट चोरीन म्या?”

“मग दाव बांगड्या.”

मल्लेशनं रागानंच रेडिओचं बटण दाबलं. बातम्या लागल्या. “कसा हाय आवाज?”

“दबका.”

त्यानं दुकानातली एक सीडी घातली. “आन् ही?”

“तीबी दबकी. पयला टेप आसा वाजत न्हवता.”

“हेडचा मळ रेडिओला लागत न्हाय, सीडीला लागत न्हाय. तिन्ही दबकं म्हंजे स्पीकर गेला आसंल.” त्यानं मागचे स्क्रू काढले, खणातून दुसरे स्पीकर काढून तारा जोडल्या आणि ओव्यांची कॅसेट लावली. घरघर सुरू झाली. आईनं ओवी उचलली. दुकानातले लोक बोलायचे थांबले.

“आता?”

“न्हाय.”

मल्लेशनं मान वर केली आणि संघप्रियाकडं बघितलं. तिनंही त्याच्याकडं बघितलं. सुमनबाईंनी ते नेमकं टिपलं.

“काय खुणा करता?”

संघप्रिया जवळ आली आणि मोठ्यानं म्हणाली, “आत्या, बांगड्या वाजतायत. आत्ताबी वाजतायत.”

“तुमी दोगं एक झालात.” सुमनबाईंनी टेपचं हँडल धरून ओढलं. जोडलेल्या तारा ताणल्या.

“थांबा!” मल्लेशनं टेपवर हात ठेवला. दुसऱ्या हातानं खणातून इयरफोन काढला, टेपला जोडला आणि त्याची दोन टोकं त्यांच्या पुढं धरली. “म्या हात लावत न्हाय. संघप्रियाबी न्हाय. तुमीच घाला, तुमीच आवाज वाढवा. आमचा दोगांचा काय संबंध यात?”

त्यांनी घातला आणि आवाज वाढवला. घरघर डोक्यात घुमायला लागली. बांगड्या नाहीत. त्यांनी आवाज पार शेवटपर्यंत नेला, आणि डाव्या कानात, शेजारच्या घरात कुणी भांडी लावत असावं इतकं लांबून, किणकिण आली.

त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी दोन्ही टोकं काढली आणि अदलाबदल करून घातली. उजव्या कानात घरघर, नुसती घरघर. डाव्या कानात पुन्हा ती किणकिण. पुन्हा बदललं. तेच.

नोकरीत त्यांनी कितीतरी म्हाताऱ्यांना समोर बसवून एकेक कान झाकायला लावला होता, मागून हाक मारून बघितली होती, चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात धाडलं होतं. त्यातले निम्मे भांडायचे. माझे कान चांगले हायत, लोकच पुटपुटतात, म्हणायचे. सुमनबाई त्यांच्यावर हसायच्या नाहीत, पण दारापर्यंत पोचवून आल्यावर थोडं हसू यायचं.

त्यांनी इयरफोन काढून काउंटरवर ठेवला.

“डावीकडं हाय थोडं,” त्या म्हणाल्या. “उजवा गेला.”

काच बसवायला आलेला एक जण उगाच स्वतःच्या मोबाइलकडं बघायला लागला.

“मल्लेश, तुला चोर म्हणलं. चारचौगात.”

“तसं कुठं म्हणला तुमी.”

“मनात म्हणलं. लई दिस म्हणलं.”

मल्लेशनं चष्मा खाली घेतला. दुसरे स्पीकर काढून त्यानं आधीचेच पुन्हा जोडले आणि स्क्रू पिळत राहिला. “टेप चांगला ठिवलाय तुमी,” तो मोठ्यानं म्हणाला. “आजून लई वर्सं जाईल.”

पुढच्या आठवड्यात संघप्रिया त्यांना धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. वयानं झालंय, वाढत जाईल, मशीन लावावं लागेल, असं डॉक्टर सुनेला सांगत होते. सुमनबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. “मला सांगा. हिकडं बघून सांगा.”

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. सुमनबाई खिडकीला बसल्या, संघप्रिया त्यांच्या उजवीकडं. बाहेर काढणीला आलेली सोयाबीनची शेतं मागं जात होती.

“संघप्रिया, त्या दिवशी तुला वाईट बोलले म्या,” सुमनबाई म्हणाल्या. “तू माज्यासाटी भाकरी थापत बसली व्हतीस.” मग थांबून, “पर तुमी दोगं काय बोलायचा ग, स्वैपाकघरात?”

संघप्रियाचे ओठ हलले. ती थोडी हसली, हातानं काहीतरी दाखवलं, पुढं आणखी काही बोलली. इंजिनाच्या आवाजात सुमनबाईंना त्यातलं काहीच कळलं नाही. गेलं वर्षभर अशा वेळी त्या मान हलवून मोकळ्या होत.

या वेळी त्यांनी मान हलवली नाही. पुढच्या सीटचा दांडा धरून त्या चालत्या गाडीत उभ्या राहिल्या. “आत्या, पडाल!” म्हणत संघप्रियानं हात पुढं केला. तो हात धरूनच त्या बाहेर आल्या, तिला खिडकीकडं सरकवलं आणि तिच्या जागेवर बसल्या. आता सून डावीकडं होती. त्यांनी डोक्यावरचा पदर कानामागं सारला आणि मान तिच्याकडं झुकवली.

“हं, आता सांग,” त्या म्हणाल्या. “पयल्यापासनं सांग.”