ताठ लोंब्या

ओवे गावच्या दयाराम पाटलाच्या घरात भाताचं बी काढायचा मान थोरल्या भावजयीचा, भामाचा. नवरा गेल्यावर तिचं म्हणून घरात एवढंच उरलं होतं. अंघोळ करून, तोंडात पाणीही न घेता ती खाचरात उतरायची आणि सगळ्यांत ताठ लोंब्या देवासाठी कापायची. देवापुढं ठेवलेलं भातच पुढच्या साली पेरायचं.

पण अलीकडं दरसाल निम्म्या लोंब्या अर्ध्या पोकळ निघत. टरफल असे, आत तांदूळ नसे; त्यालाच पळींज म्हणत.

"देव पळींज खातंय का गो बाय?" धाकटी जाऊ, दयारामची बायको सखूबाई म्हणाली. "हातच रिकामा, तं बी कुठनं भरंल?"

दयारामनं सांगून टाकलं, "यंदा बी सखू काढंल, वयनी."

फुलोऱ्याच्या दिवसांत शेतकी खात्याचे दिनानाथराव त्या खाचरातली फुलं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला घेऊन गेले होते. कापणीच्या तोंडावर ते परत आले, ओटीवर टेकले.

"निम्मे पराग सुकलेले आहेत," ते म्हणाले. "पेशीत गुणसूत्रं असतात, धाग्यांसारखी. या रोपात दोन धाग्यांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेलेत. दोन भावांची भांडी अदलाबदल झाली समजा. एकत्र आहेत तोवर कुणाचं अडत नाही. वाटणी झाली की एकाकडं दोन तवे, दुसऱ्याकडं एकही नाही. फुलात पराग-बीज बनताना अशीच वाटणी होते; तसली अर्धवट वाटणी ज्याच्या वाट्याला आली, तो दाणा भरत नाही. भरलेले पेरले, तरी निम्म्या रोपांत हा दोष उतरतो."

"म्हंजे माज्या हाताचा दोष नाय?"

"हाताचा नाही, निवडीचा. ओझं नाही म्हणून ती लोंबी ताठ राहते. वाकलेलीचं बी धरा. तिची पोरं वाकलेलीच निघतील."

भामाला ते पटेना. देवाला मान टाकलेली लोंबी कशी द्यायची? सांजेला दिवा लावून ती हात जोडून बसली. देवापुढं आपण तरी ताठ कधी उभ्या राहिलो, असं तिच्या मनात आलं.

"एक साल द्या, भावजी," ती दयारामला म्हणाली. "नाय भरलं, तं परत मागनार नाय."

सखूबाई फिसकन हसली, पण दयारामनं मान डोलावली. भामानं वाकलेल्या लोंब्या तेवढ्या कापल्या.

पुढच्या कापणीआधी दयाराम बांधावर जाऊन बराच वेळ उभा राहिला. भरल्या लोंब्यांनी अख्खं खाचर एका अंगाला लवलं होतं.

"वयनी, बी काढाया घ्या."

"आज कडक उपास हाय, उन्हात उभं रावत नाय," भामा म्हणाली. "उद्या चार घास खाऊन काढते."