तेलात उकळलेले माणिक

मित्रांनो, मी माणकाचा एक जुना स्फटिक आहे. अंगठीत चमकणारे माणिक डोळ्यांसमोर आणू नका. सुपारीएवढा, सहा बाजूंचा, मळकट लाल असा मी कर्नाटकातल्या एका नाचणीच्या शेतात नांगराच्या फाळाला लागलो. तेव्हाच माझा एक कोपरा उडाला.

विमा कंपनीतल्या उमाकांतरावांनी मला त्या शेतकऱ्याकडून घेतले. आपल्या देशात जिथे जिथे माणिक आणि नीलम सापडतात, तिथला एकेक स्फटिक जमिनीतून निघाला तसाच जमवायचा, हा त्यांचा छंद. बदल्या होत होत ते जयपूरला आले, जवाहर नगरात स्थिरावले. त्यांच्या काचेच्या कपाटात आम्ही त्रेचाळीस जण होतो. माझ्या शेजारी काश्मीरचा फिकट नीलम असे. पैलू पाडणाऱ्यांच्या या शहरात आम्हाला कोणी हात लावला नाही, याचा मला गर्व होता. त्यांच्या पत्नी चारुलताबाई मात्र धूळ पुसताना कुरकुरत, की या दगडांपायी लोणच्याच्या बरण्यांना जागा उरली नाही.

रणजीत हा उमाकांतरावांच्या ओळखीतला, फौजी कुटुंबात वाढलेला, जयपूरच्याच सीतापुरा औद्योगिक वसाहतीत रत्नांचा कारखाना चालवणारा. प्रदर्शनात मांडतो म्हणून तो मला घेऊन गेला.

तिथे जे झाले ते सांगतानाही किळस येते. लाल रंग कालवलेल्या तेलात मला उकळले. ते खवट तेल माझ्या भेगाभेगांत शिरले. मग जणू मी त्यातच जन्मलो, असे मला पांढऱ्या संगमरवराच्या तुकड्यावर डकवले आणि खाली एका परदेशी खाणीचे नाव लिहिले. मला पोट असते तर मी ओकलो असतो.

प्रदर्शनात लोक माझी वाहवा करत होते. उमाकांतराव आले, उडालेला कोपरा पाहून थबकले. त्यांनी मला उचलून हुंगले. बोटांना लाल चिकटा लागला, तसे त्यांचे तोंड वाकडे झाले.

रणजीत शांतपणे म्हणाला, "काका, मतलब, यात खोटं काय? दगड तर असलीच आहे ना. आणि संग्राहक म्हणून तुमचंच नाव लावलंय."

नाव होतेच. एक कॉलेज त्यांचा सगळा संग्रह घेणार होते. आता तोंड उघडले, तर बाकीच्या बेचाळिसांवर तरी कोण विश्वास ठेवणार?

उमाकांतराव लोकांकडे वळले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हा माझा दगड आहे, कर्नाटकातला. इथे लिहिलेलं सगळं खोटं आहे. मला याची शिसारी येते."

रुमालात गुंडाळून त्यांनी मला घरी आणले. चारुलताबाईंनी नेलपॉलिश काढायचे औषध घेतले आणि तासभर बसून मला सोडवले. संगमरवर निघाला. तेल निघाले नाही.

कॉलेजने आधी नकार कळवला. पुढे तिथल्या प्राध्यापिका प्रज्ञाताई स्वतः आल्या, दोन दिवस भिंगाखाली एकेक स्फटिक तपासला आणि बेचाळीस घेऊन गेल्या. मला त्या नको म्हणाल्या. उमाकांतरावांनीही आग्रह धरला नाही.

आता कपाटात मी एकटाच आहे. उन्हाळ्यात माझ्यातून तेल पाझरते, खालचा कागद लाल होतो. उमाकांतराव नाक मुरडून तो बदलतात, पण मला टाकून देत नाहीत. मित्रांनो, जमिनीतून कधी काही उचललेत, तर त्याला सजवायला जाऊ नका. माती धुवा आणि तिथेच थांबा.